चांदी तीच, छाप दुसरी



पेसाखच्या साफसफाईत कपाटांच्या तळाशी गेलेल्या वस्तू वर येतात. कुणाकडे आजोबांचा चांदीचा किद्दूशचा पेला, कुणाकडे व्हिक्टोरिया राणीचे रुपये, कुणाकडे नुसतंच फडक्यात बांधून ठेवलेलं काहीतरी. म्हणून या खेपेला जुन्या चांदीच्या नाण्यांविषयी लिहिते. निमित्त माझ्या नातवाचं. (नाव छापू नकोस, आजी, अशी सक्त ताकीद आहे.) बार मित्स्वाला आलेल्या पाकिटांतले थोडे पैसे त्याने राखून ठेवलेत आणि त्यातून त्याला रोमन काळातलं एक चांदीचं नाणं घ्यायचं होतं. तेही खुद्द रोमचं नव्हे, प्रांतातल्या टांकसाळीत पाडलेलं.

मुलांनो, प्रांतातली टांकसाळ म्हणजे काय ते आधी सांगते. रोमचं स्वतःचं चांदीचं नाणं म्हणजे दिनारियस. सम्राट ऑगस्टसच्या काळी त्याचं वजन पावणेचार ग्रॅमच्या वर भरायचं. पण साम्राज्याच्या पूर्वेकडे, म्हणजे सीरिया, इजिप्त, कप्पडोकिया, अरबस्तान इकडे, लोकांच्या हाताला ग्रीक द्राख्मांची सवय पिढ्यान् पिढ्या लागलेली. रोमने ती मोडली नाही. अँटिओक, अलेक्झांड्रिया, कप्पडोकियातलं सीझरिया अशा शहरांत तिथल्या पद्धतीचीच नाणी पाडली जात राहिली. एका बाजूला सम्राटाचं तोंड, पण भोवती अक्षरं ग्रीक. दुसऱ्या बाजूला अँटिओकचा गरुड, सीझरियाचा अर्गाइऑस डोंगर, आणि अरबस्तानच्या बोस्ट्रा शहराच्या नाण्यावर चक्क उंट. गरुडाचं नाणं चार द्राख्मांचं, चांगलं तळहातावर जड लागणारं. उंटाचं एका द्राख्माचं, करंगळीच्या नखापेक्षा थोडं मोठं.

ही नाणी जमवणाऱ्यांत एक गंमत आहे, ती मला नातवाकडून कळली. दुर्मिळ आणि महाग हे दोन वेगळे शब्द आहेत. रोमच्या एखाद्या प्रसिद्ध सम्राटाचं दिनारियस हजारोंनी मिळतं, तरी मागणारे पुष्कळ म्हणून किंमत चढलेली असते. उलट प्रांतातल्या एखाद्या नाण्याचे जगात मोजके नमुने असतात, पण ते मागणारेही मोजकेच, म्हणून ते शाळकरी मुलाच्या आवाक्यात येतं. या सगळ्या नाण्यांची मोठी सूची करायला लंडन आणि पॅरिसच्या मंडळींनी घेतली, तिचा पहिला खंड १९९२ साली निघाला. आधीच्या लोकांना असलं काही हाताशी नव्हतं. तेव्हा नवशिक्याने आज सुरुवात केली तर बरी वेळ आहे.

आता मुद्द्यावर येते. मागच्या हिवाळ्यात पोरगा बापाबरोबर टोरांटोला नाण्यांच्या एका प्रदर्शनाला गेला. तिथल्या एका विक्याने विचारपूस केली, कुठले तुम्ही, काय तुम्ही. भारतातले ज्यू म्हटल्यावर त्याचे डोळेच चमकले. टेबलाखालच्या पेटीतून त्याने अँटिओकचं एक चार द्राख्मांचं नाणं काढलं, सम्राट त्राजानच्या तोंडाचं. म्हणाला, हे कोकणात चौलच्या किनाऱ्यावर सापडलेलं आहे. तुमच्या पूर्वजांचं जहाज तिथेच फुटलं ना? त्यांच्याच गाठीचं असणार हे! किंमत अर्थात गाठीला शोभेल अशीच. पोराने तिथूनच मला फोन लावला. "आजी, आपल्या लोकांचं नाणं मिळालंय!"

मी म्हटलं, थांब. घाई करू नकोस, घरी ये.

त्याचा उत्साह मला कळतो. आपल्याला लहानपणापासून हीच गोष्ट सांगितलेली. नवगावला जहाज फुटलं, सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या, बाकीचे बुडाले ते तिथेच पुरले. सेफेर तोरा गेली, कागद गेले, सामान गेलं. तोंडावर राहिलं ते शेमा आणि हातात राहिला तो शाब्बाथ, म्हणून तर लोक आपल्याला शनिवार तेली म्हणू लागले. पुढे जो येतो तो विचारतो, पुरावा काय? मुंबईत विचारलं, इस्राएलात तर १९६० नंतरच्या वर्षांत लग्नं लावताना विचारलं, आणि तो अपमान आपल्यातल्या कित्येकांनी अंगावर घेतलाय. अशा माणसांसमोर कुणी एक चांदीचं नाणं धरलं आणि म्हटलं की हा घ्या पुरावा, तर हात पुढे होणारच. पण म्हणूनच इथे जास्त सावध राहायला हवं. भुकेल्याला कुणी काहीही खाऊ घालतो.

पहिली गोष्ट साध्या बेरीज-वजाबाकीची. आपले इतिहासकार हाईम शमुएल केहिमकर यांनी आपल्या पूर्वजांचं निघणं इ.स.पू. १७५ च्या सुमाराला, राजा अँटिओकस एपिफानेसच्या छळाच्या काळात धरलं. (त्यांचं पुस्तक लिहून झालं १८९७ साली आणि छापून आलं १९३७ साली, ते गेल्यावर.) दुसरे अभ्यासक दुसरी शतकं सांगतात, तो वाद मोठा आहे. पण केहिमकरांचं धरलं, तर त्राजान गादीवर आला इ.स. ९८ ला. म्हणजे पूर्वज आधी पोचले आणि त्यांच्या गाठीचं नाणं पावणेतीनशे वर्षांनी पाडलं गेलं! हे सांगितल्यावर नातू हसला, पण लगेच म्हणाला, "कुणी नंतरच्या व्यापाऱ्याने आणलं असेल ना, आजी?" पोरगं हुशार आहे. तेव्हा दुसऱ्या गोष्टीकडे जावं लागलं.

रोमच्या जहाजांचा आणि आपल्या किनाऱ्याचा संबंध खरा आहे, त्यात शंका नाही. पहिल्या शतकाच्या मध्याला इजिप्तकडच्या एका ग्रीक व्यापाऱ्याने या समुद्राची वाटाड्या-वही लिहून ठेवली आहे, तिला पेरिप्लस म्हणतात. तिच्यात भडोच आहे, सोपारा आहे, कल्याण आहे, आणि सेमुल्ला म्हणून जे बंदर आहे ते आपलं चौल. आज तो रेवदंड्याला लागून असलेला नारळी-पोफळीचा गाव. आपल्या नवगावाप्रमाणे तोही अलिबाग तालुक्यातलाच. वहीत लिहिलंय की भडोचला रोमचं सोन्याचं आणि चांदीचं नाणं नेलं तर तिथल्या पैशांशी बदलताना नफा होतो. म्हणजे नाणं हे नुसतं पैसा नव्हतं, तो मालच होता. रोममध्ये प्लिनी नावाचा लेखक कुरकुर करायचा की हिंदुस्तान दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स ओढून नेतो. चार सेस्टर्सचं एक दिनारियस. तुम्हीच भागाकार करा, मुलांनो.

पण इकडे आलं ते कुठलं नाणं? भारतात जमिनीतून निघालेली रोमन चांदी जवळजवळ सगळी दिनारियसची आहे, आणि त्यातही ऑगस्टस आणि टायबेरियस या दोघांची फार. ती बहुतेक पाडली गेली लुग्दुनुम इथे, म्हणजे आजच्या फ्रान्समधल्या लिओं शहरात. टांकसाळ प्रांतातली, पण नाणं रोमच्या पद्धतीचं. तेलंगणात नळगोंडा जिल्ह्यातल्या अक्कनपल्लीला अशी दीड हजारांवर एकाच ठिकाणी निघाली. पुढे इ.स. ६४ ला नीरोने दिनारियसचं वजन आणि चांदी दोन्ही कमी केलं. आपल्याकडचे व्यापारी काही दूधखुळे नव्हते. नीरोनंतरची चांदी आपल्या मातीत फारच थोडी सापडते, जुन्या खणखणीत नाण्यांचेच साठे मिळतात.

अँटिओकचे गरुड, सीझरियाचे डोंगर ही मंडळी मात्र आपापल्या मुलखातच फिरायची. इजिप्तने तर दारच लावून घेतलं होतं. बाहेरचं नाणं आत चालायचं नाही आणि अलेक्झांड्रियाचं, ज्यात चांदी कमीच, ते बाहेर कुणी घ्यायचं नाही. तेव्हा चौलला त्राजानचं अँटिओकचं नाणं सापडलं असं कुणी म्हणालं, तर ते अशक्य नाही, पण मग सांगणाऱ्याने कुठल्या शेतात, कुठल्या साली, कुणाला, हे सगळं कागदावर दाखवायला हवं. त्या विक्याकडे कागद एकही नव्हता. मी आयुष्यभर इस्पितळात काम केलं. लेबल निघालेली बाटली कितीही ओळखीची दिसली तरी आम्ही तिच्यातलं औषध कुणाला टोचत नव्हतो.

नातवाने विचारलं, एवढी चांदी आपल्या बंदरांवर उतरली तर कोकणात आणि देशावर ती फारशी सापडत का नाही? हा प्रश्न मला फार आवडला, कारण त्याचं उत्तर नाशिक जिल्ह्यात आहे.

१९०६ साली नाशिकजवळ जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा निघाला. तेरा हजारांहून जास्त नाणी! रेव्हरंड स्कॉट नावाच्या पाद्र्यांनी ती बसून तपासली आणि मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या पत्रिकेत १९०८ साली त्यांची हकिगत छापली. नाणी सगळी क्षत्रप राजा नहपानाची. पेरिप्लसच्या वहीत भडोचच्या बाजूचा जो राजा येतो तो हाच, असं मानतात. प्रत्येक नाण्यावर राजाचं तोंड, एका बाजूला वळलेलं, जसं रोमच्या आणि ग्रीकांच्या नाण्यांवर असतं तसं. भोवती ग्रीक अक्षरं. पण वाचायला गेलं तर शब्द ग्रीक नाहीत, आपल्याकडचे प्राकृत आहेत! तुम्ही नाही का मला "आजी कशी आहेस" हे इंग्रजी अक्षरांत लिहून पाठवता? अगदी तसं. मागच्या बाजूला तोच मजकूर ब्राह्मी आणि खरोष्ठी लिपीत.

अभ्यासकांचा अंदाज असा की बंदरावर उतरलेली रोमन चांदी बरीचशी वितळून या नहपानाच्या नाण्यांत गेली. त्याचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत, त्यात दानधर्माचे आकडे कोरलेत. सत्तर हजार कार्षापण, म्हणजे दोन हजार सुवर्ण, पस्तीस कार्षापणांना एक सुवर्ण या दराने. एवढे पैसे धर्मादाय करायला चांदी कुठून तरी यायला हवीच ना.

आणि आता खरी गोष्ट. त्या तेरा हजारांपैकी नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर दुसरा ठसा आहे. सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने नहपानाचा पराभव केला आणि त्याचीच नाणी घेऊन त्यांच्यावर आपला छाप मारला. एका बाजूला कमानींचा डोंगर, दुसऱ्या बाजूला चार गोल जोडलेलं उज्जैनीचं चिन्ह. नहपानाचं नाक, कपाळ, ग्रीक अक्षरांचे तुकडे खालून डोकावतातच. कधी डोंगर बरोब्बर राजाच्या गालावर येऊन बसलेला असतो. गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिनेही पांडवलेण्यांतच मोठा लेख कोरून ठेवलाय की माझ्या मुलाने क्षहरातांचा वंश उखडून टाकला. लेकाचं कौतुक आईने दगडात करून ठेवलं. मुलगाही आईच्या नावाने ओळखला जातो, हे आमच्या सुनांनी लक्षात घ्यावं.

बाजारात चांदी तीच फिरत राहिली. राज्य बदललं एवढं लोकांना कळलं.

आता इथून उडी मारून तुम्हाला यहूदियात नेते, कारण असंच काम तिकडे आपल्या लोकांनी केलं, आणि तेही साधारण त्याच काळात, दुसऱ्या शतकात. इ.स. ७० ला बेथ हामिकदाश जाळलं गेलं होतं. त्याआधी मंदिराचा अर्धा शेकेल भरायचा तर टायर शहराच्या चांदीत भरायचा, कारण ती उत्तम. सुमारे चौदा ग्रॅमचा शेकेल. त्याच्यावर मूर्तिपूजकांच्या देवाचं तोंड होतं, तरीही चांदी शुद्ध म्हणून चालायचा. पिद्योन हाबेनला थोरल्या मुलासाठी कोहेनला द्यायचे पाच सेलाही टायरच्याच मापाने, असं मिश्नात आहे. (इस्राएलने १९७० पासून काही वर्षं पिद्योन हाबेनसाठी खास चांदीची नाणी काढली होती. तुमच्यापैकी कुणाकडे ती असतील तर ती जपा, ती रोमन नसली तरी वंश तोच.) मंदिर गेलं आणि तोच कर रोमने स्वतःच्या देवळासाठी वसूल करायला सुरुवात केली. वर चांदीच्या दिनारियसवर खाली बसून रडणारी यहूदी बाई छापली, की बघा, आम्ही यांना जिंकलं.

साठ-बासष्ट वर्षं ही नाणी आपल्या लोकांनी हातात घेतली, त्यांनी भाजी आणली, कर भरला. मग इ.स. १३२ ला शिमोन बार कोख्बाने बंड केलं. त्याच्याकडे चांदीची खाण नव्हती. लोकांच्या घरात जी नाणी होती तीच त्याने गोळा केली. अँटिओकचे मोठे गरुड होते त्यांचे सेला झाले, रोमचे दिनारियस आणि प्रांतांतले द्राख्मा होते त्यांचे झूझ झाले. बोस्ट्राचा उंटसुद्धा यात आला. नाणं ऐरणीवरच्या ठशावर ठेवायचं, वरून दुसरा ठसा धरायचा आणि हातोडा घालायचा. सेलावर एका बाजूला बेथ हामिकदाशचे खांब. जे पडून साठ वर्षं झाली, जे पाडणाऱ्याने पाहिलेलंही नसेल, ते त्याने नाण्यावर उभं केलं. दुसऱ्या बाजूला लुलाव आणि एत्रोग. झूझवर द्राक्षांचा घोस, वीणा, कर्णे, सुरई. अक्षरं मुद्दाम जुन्या इब्री लिपीत, जी तेव्हाही रोजच्या वापरात उरली नव्हती. आपण सेफेरमध्ये वाचतो ती ही लिपी नव्हे, तेव्हा मुलांनो, वाचता आली नाही तर वाईट वाटून घेऊ नका. पहिल्या वर्षी "इस्राएलच्या सुटकेचं वर्ष एक", मग "इस्राएलच्या स्वातंत्र्याचं वर्ष दोन", आणि शेवटच्या नाण्यांवर नुसतंच "यरुशलेमच्या स्वातंत्र्यासाठी", वर्ष नाही.

या नाण्यांतही खालचा सम्राट पुरता जात नाही. द्राक्षांच्या घोसाशेजारी त्राजानची हनुवटी दिसते, खांबांमधून ग्रीक अक्षर डोकं काढतं. नातू तास-तास भिंग घेऊन चित्रांत हेच शोधत असतो. कुणाचा कान दिसला की मला हाक.

बंड इ.स. १३५ च्या सुमाराला चिरडलं गेलं. पण १९६० आणि १९६१ साली यिगाएल यादीन यांना मृत समुद्राजवळच्या एका गुहेत बार कोख्बाची पत्रं मिळाली. त्यांतल्या एकात तो लढाईच्या गडबडीत लुलाव आणि एत्रोग पाठवून द्या म्हणून हुकूम सोडतो. नाण्यावर जे छापलं तेच माणूस खरोखर मागत होता. आणि १९४८ साली इस्राएलने आपलं पहिलं नाणं काढलं, पंचवीस मिल्सचं, हलक्या अ‍ॅल्युमिनियमचं, त्यावर पुन्हा द्राक्षांचा घोस आला.

मला विचाराल तर आपल्या गोष्टीला हे दोन छाप पुरेत, नाशिकचा आणि यहूदियाचा. एक आपल्या देशाचा आणि एक आपल्या वंशाचा, दोन्हींची चांदी एकाच समुद्रावरच्या व्यापारात फिरणारी. याला विक्याची साक्ष लागत नाही. दोन्ही वस्तुसंग्रहालयांत आहेत, दोन्ही छापून आलेले आहेत. आपलं जहाज फुटल्याचा पुरावा त्यात नाही, तो नसला तरी आपण आहोत की.

राहिला त्या चौलच्या नाण्याचा प्रश्न. त्या विक्याची गोष्ट खोटी असेल तर ती फसवणूक. आणि खरी असेल तर जास्तच वाईट! भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जमिनीत दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणि कॅनडातही दुसऱ्या देशातून बेकायदा आणलेली पुरावस्तू त्या देशाने मागितली तर परत करण्याचा कायदा आहे, १९७७ पासून. इस्राएलात १९७८ पासून जमिनीतून निघालेलं सरकारचं, विक्रीला परवाना लागतो, बाहेर न्यायला वेगळी परवानगी. म्हणजे पोराने बार मित्स्वाचे पैसे घालून एकतर खोटी गोष्ट घेतली असती नाहीतर चोरीचा माल. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण नाण्याचं दोन्ही विचारावं.

नाणं स्वतः खरं की नकली हा आणखी वेगळा धंदा. जर्मनीत बेकर नावाचा एक महाभाग होऊन गेला (१७७२ ते १८३०). तो जुन्या नाण्यांचे हुबेहूब ठसे कोरायचा, आणि नवी नाणी जुनी दिसावीत म्हणून लोखंडाच्या किसाच्या पेटीत घालून ती पेटी घोडागाडीला बांधायचा आणि फिरायला निघायचा. खडखडत, घासत नाण्यांना म्हातारपण यायचं. त्याची नाणी आता लोक नकली म्हणूनच हौसेने जमवतात! हल्लीचे नकली इतके कष्ट घेत नाहीत. साच्यात ओततात. म्हणून कडेला बारीक शिवण दिसते, अंगावर सुईच्या टोकाएवढे फुगे फुटल्याचे खड्डे असतात, अक्षरं साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. वजन तर पहिलं बघावं. ग्रॅमचा दहावा भाग दाखवणारा काटा स्वस्तात मिळतो. वजन बरोबर म्हणजे नाणं खरं असं नव्हे, पण वजन फार चुकलं तर पुढे बोलायचंच नाही.

शेवटी नातवाने बोस्ट्राचा उंट घेतला. त्राजानचा, एका द्राख्माचा, छोटासा. दुसऱ्या विक्याकडून, जो संघटनेचा सभासद आहे आणि ज्याने आधी ते कुणाच्या संग्रहात होतं, कुठल्या साली लिलावात विकलं गेलं, ते बिलावर लिहून दिलं. बार कोख्बाचं नाणं त्याला परवडणारं नव्हतं. पण बार कोख्बाच्या माणसांनी ज्यावर हातोडा घातला त्या जातीचं, हातोड्यातून सुटलेलं हे नाणं. "याच्यावर द्राक्षं आली असती, आजी, थोडक्यात वाचलं." मी म्हटलं, वाचलं की राहून गेलं, ते तू ठरव.

आता आपल्या वयाच्या मंडळींसाठी. आपल्यातले बरेच जण मोठी घरं सोडून छोट्या जागेत जाताहेत, कुणी मुलांकडे, कुणी वृद्धाश्रमात. पेट्या उघडल्या जातात आणि मुलांना काय कशाचं ते माहीत नसतं. तेव्हा फडक्यातलं नाणं निघालं तर ते कृपा करून घासू नका. किद्दूशच्या पेल्याला आपण लावतो ती राखुंडी, टूथ पावडर, रिठे, रांगोळी, चिंच, काही नको. चांदीवरची काळी झाक ही त्याची कातडी आहे. ती गेली की किंमत तर जातेच, आणि बारीक अक्षरंही जातात. नरम प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवू नका, काही वर्षांत हिरवट चिकटा सुटतो. साधं कागदी पाकीट उत्तम. कडेला धरून उचला, मधोमध बोटं लावू नका.

आणि पाकिटावर पेन्सिलीने लिहा. कुणाचं, कुठून आलं, केव्हापासून घरात आहे, कुणाकडून ऐकलं. "आजोबांनी पनवेलला घेतलं" एवढं असलं तरी लिहा. "माहीत नाही" हेही लिहा, ते खोट्या गोष्टीपेक्षा बरं. व्हिक्टोरियाचा रुपया असला तरी तो कुणाच्या लग्नातला, कुणाच्या पगारातला, ते नातवंडांना कोण सांगणार? कॅनडाला येताना तुमच्याबरोबर आलेली फार जुनी नाणी असतील आणि काळजी वाटत असेल, तर विकण्याआधी जाणत्याला दाखवा. टोरांटोच्या रॉयल ऑन्टॅरिओ म्युझियममध्ये रोमन वस्तूंची दालनं आहेत, मुलांना घेऊन जा. मुंबईला गेलात तर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातली नाणी बघा. नाशिकला जाणाऱ्यांनी पांडवलेण्यांवर चढून गौतमी बलश्रीचा लेख बघावा, गुडघे साथ देत असतील तर.

पुढच्या महिन्यात शाब्बाथ सुटल्यावर आपण जमतो तेव्हा मी माझा काटा आणि भिंग घेऊन येणार आहे. नातू उंट आणणार आहे, हाताळायला देईल म्हणतो, पण कडेला धरूनच. ज्यांच्याकडे काही असेल त्यांनी आणावं. आणि कोकणातल्या कुणाच्या जुन्या पत्रात, हिशेबाच्या वहीत, शेतात किंवा वाडीत नाणी सापडल्याचा उल्लेख असेल, तर मला फोन करा आणि शब्दन् शब्द वाचून दाखवा. मी लिहून घेईन, तारखेसकट.